डॅशबोर्डाला लावलेलं पीठ

चिकट डॅशबोर्डावर इलाज मला नका विचारू रे, त्यापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलंय!

आमच्या जुन्या गाडीचा डॅशबोर्ड उन्हानं असा पाघळलेला, की हात ठेवला की बोटांचे ठसे उठायचे. त्याच गाडीतून भोरला मुलगी बघायला निघालो. आई म्हणाली, "भाकरी परातीला चिकटाय लागली तर काय करत्यात? पीठ लावत्यात." मी नको नको म्हणेपर्यंत तिनं डॅशबोर्डभर तांदळाचं पीठ पसरलंसुद्धा.

वाटेत वडिलांना उकडलं, त्यांनी एसी फुल्ल सोडला.

भोरला उतरलो. मुलीच्या वडिलांनी मला डोक्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं आणि आमच्या वडिलांना हळूच विचारलं, "पाव्हणं, पोरगा वेल्ह्याला कचेरीत हाय म्हणला हुता न्हवं? मग गिरणी कवा टाकली?"