दुसरा मफ कुणाला?

वायोमिंगमधल्या बंदुकांच्या दुकानात, रांगेत उभ्या विधुर क्लेटसचे कान पुढे चाललेल्या बोलण्याकडेच लागले होते. सत्तरीच्या वर्नाबाई पहिलंवहिलं पिस्तूल घेत होत्या.

“पेटी कुलपाचीच द्या हं. घरी नातवंडं येतात.”

“दिली, बाई. हा चष्मा, हे साफसफाईचं सामान, आणि आवाजानं कानठळ्या बसतात म्हणून डोक्यावरून दोन्ही कानांवर लावायचे हे दोन मफ.”

“दोन? अहो, कान दोन असले तरी डोकं एकच आहे माझं!”

“दुसरा नेमबाजीच्या सरावाला सोबत येणाऱ्याला.”

“सोबत कोण येतंय? नवरा जाऊन सहा वर्षं झाली. एकच द्या.”

“शनिवारी मी मोकळा असतो,” क्लेटस बोलून गेला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

वर्नाबाईंनी वळून त्याला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

“डोकं बरंच मोठं दिसतंय. दुसरा मोठ्या मापाचा द्या हो!”