सामंत सरांचं पोहणं

देवाशप्पथ, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. बरं, एक गोष्ट सोडून. ती शेवटी सांगतो.

पन्नाशीत मला डोंबिवलीतल्या इंग्रजीच्या क्लासला जायची हौस आली. आमचे सामंत सर म्हणजे टाय लावलेला माज. मराठीत बोललं तर त्यांना ऐकूच यायचं नाही. चुकलं की माझ्याच वयाच्या मोरे वहिनींनासुद्धा ‘मोरे, स्टँड अप!’ म्हणून उभं करायचे. काय येतं, काय यायचं, काय येईल, हे शिकवायला उदाहरण एकच, तेही स्वतःचं: ‘आय कुड स्विम ॲट फाइव्ह. आय कॅन स्विम नाऊ. आय विल बी एबल टू स्विम ॲट एटी.’ महिनाभर हेच घोकलं आम्ही.

मग शीळफाट्याच्या पुढे एका रिसॉर्टवर क्लासची सहल गेली. वहिनी म्हणाल्या, "सर, पोहून दाखवा ना!"

आता नाही कसं म्हणणार? उतरले, पाय सटकला आणि पाण्यात हातपाय झाडत ओरडायला लागले, "अरे वाचवा! मेलो!"

काठावर आम्ही ढिम्म. वहिनी गोड आवाजात म्हणाल्या, "इन इंग्लिश, प्लीज."

"आय कान्ट स्विम!"

"व्हेरी गुड! नाऊ पास्ट टेन्स."

"आय कुडन्ट! कधीच नाही! काढा रे!"

शेवटी मी उडी मारून त्यांना बाहेर ओढलं.

हीच ती थाप. पाणी कमरेएवढं होतं, उडी कोण मारतो? वहिनी फक्त एवढंच म्हणाल्या, "सामंत, स्टँड अप!"