सकाळी बंद पडणारी गाडी

नारळ बघायला आलात म्हणे! अहो पाहुणे, नारळ घ्यायला आलेला माणूस वर झाडाकडे बघतो — तुम्ही मघापासून शेजारच्या ओटीकडे बघताय. बसा, बसा, लाजू नका, हेल्मेट ठेवा त्या बाकावर — तळा गावाहून आलात ना? मुलीचे वडील? ओळखलंच मी. प्रमोदिनीवहिनी कालच कुंपणावरून म्हणाल्या, कोकिळा, आमच्या ऋत्विकला तळ्याचं स्थळ आलंय, पत्रिका जुळलीय, आता ती माणसं गुपचूप चौकशीला येतील — तुझ्याकडे आली तर चार शब्द चांगले सांग. सांगीन की! पोर माझ्या डोळ्यांदेखत वाढलंय. अलिबागला मोजणीच्या ऑफिसात आहे, तंबाखू नाय, पत्ते नाय, आईला उलट उत्तर नाय. तुमची लेक — तेजस्वी ना? — सुखात राहील. मुलगा काय म्हणतो या स्थळाला? बघू म्हणतो. पोरं बघूच म्हणतात हो, त्यात काय एवढं.

हं, हा आवाज — दचकू नका, ती त्याचीच गाडी. ऐका — झाली सुरू, झाली, झाली — गेली. बंद! रोजचं आहे हे. गार असली की धरतच नाय. एकदा तापली की थेट अलिबागपर्यंत कुरकुर नाय, पण सकाळी — परत ऐका — घर्रर्र — गेली. आता तुम्ही म्हणाल, ज्याला गाडी सांभाळता येत नाय तो बायको काय सांभाळणार — नाय नाय, तसलं मनात आणू नका! जपतो तो गाडीला. खारी हवा आमची, लोखंड खाऊन टाकते, म्हणून रात्री ताडपत्री घालतो. साहिलकडे नेली होती, बाजारातला मेकॅनिक, त्यानं कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलला, कसलासा स्क्रूही फिरवून दिला. तरी हे असंच. मग मीच विचारलं साहिलला — मासळीला गेले होते, वाटेतच त्याचं दुकान — म्हटलं, काय रे, आमच्या शेजाऱ्याची गाडी तू दुरुस्त केलीस की बिघडवलीस? तर म्हणतो, काकी, गाडीत आता काहीच नाय, माझ्याकडे रात्रभर उभी होती, सकाळी पहिल्या किकला सुरू. मी म्हटलं, असेल बाबा, तुझ्या दुकानात वारा येत नसेल.

चहा उतू गेला वाटतं — थांबा — हां, घ्या. साखर कमी असेल तर सांगा. प्रणाली, पाहुण्यांना बिस्किटं — बघा, गेली पण! आमची प्रणाली हो, माझी मुलगी. अंगण झाडत होती, झाडूसकट गेली. आता ती जाऊन रेस धरील, तो किक मारील, मग कुठं ती बया सुरू होईल. दोन माणसं लागतात त्या गाडीला. गणपतीपासून हेच चाललंय, पण कधी कंटाळली नाय हो पोरगी, हाक यायच्या आधीच फाटकात असते. गुणाची आहे — फक्त लग्नाचं नाव काढलं की कपाळाला आठी. किहीमचं स्थळ आणलं, वाडी, विहीर, एकुलता मुलगा — नको. पेणचा मास्तर आला — नको. का, तर म्हणे लांब पडतं. किहीम लांब? आम्ही एसटीनं जाऊन दुपारच्या जेवणाला परत येतो! वैतागून म्हटलं, मग काय कुंपणापलीकडे देऊ तुला? तर हसली आणि आत गेली. माझा जीव टांगणीला आणि हिला हसू येतं. हिचे वडील नाहीत आता, सगळं मलाच बघायचं आहे — जाऊ दे, तुम्ही ऋत्विकचं विचारायला आलात आणि मी आपली माझंच —

काय? एकट्याला जमतं? तुमच्याकडे पण हीच गाडी आहे? — हो, गार असेतो चोक ओढून ठेवायचा — किक पायानं — आणि रेस उजव्या हातानं. खरंच की, उजवा हात मोकळाच असतो. मग हिला कशाला — सवय लागली असेल हो. पोरं आजकालची आळशी. संध्याकाळी? ऑफिसातून निघताना? त्याचं काय? — दिवसभर सावलीत उभी म्हणजे तेव्हाही गारच, हो, बरोबर — नाय बाई, तेव्हा बंद पडते असं काही ऐकलं नाय. दिवेलागणीला येतोच तो. तिथं रेस कोण धरणार? साहेब? आणि मधे तर गंमतच झाली, प्रणाली मामाकडे गेली होती, तेवढे दिवस गाडी कधी सुरू झाली नि कधी गेली मला कळलंसुद्धा नाय. एका किकला! मी वहिनींना म्हटलं, सुटलात हो, झाली एकदाची दुरुस्त. मग प्रणाली आली परत, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा घर्रर्र —

थांबा.

जरा थांबा हं. बघते मी. तुम्ही बसा — नाय, या, तुम्ही पण या, तुम्हाला गाडीतलं कळतं. इथून, जास्वंदीच्या आडून. वाका थोडे. दिसतं? तिनं रेस धरलीय. त्यानं किक मारली — झाली सुरू, छान चाललीय — अहो! त्याचा डावा हात बघितलात? चोक बंद केला त्यानं! आत्ता सुरू झालेली गाडी, अजून गारढोण — बंद पडणारच ना ती! पडली. आणि हसतोय कसा. तिनं पण बघितलं हो. तो हात कुठं गेला ते तिनं नीट बघितलं, आणि परत रेस धरून उभी राहिली. झाडू कुठं टाकला हिनं?

या, बसा. नको, नका बसू — बसा. मला सुचत नाय काही. गावात कुणाकडे कोण आलं, कोण गेलं, सगळं मला माहीत, माझी ख्याती आहे तशी — आणि माझ्याच फाटकात, माझ्याच डोळ्यांसमोर, मी रोज इथं बसून त्या गाडीची कीव करते. आईला सांगायला काय झालं होतं? काय झालं होतं म्हणजे — मला सांगितलं असतं तर दुपारच्या आत मुरुडच्या स्टँडवर कंडक्टरलासुद्धा कळलं असतं. ओळखून आहे मला पोरगी. आणि मी काय केलं, तर वहिनींना म्हटलं, तळ्याचं स्थळ चांगलं आहे, हातचं घालवू नका! वहिनींच्या मनात काय येईल आता? त्या तर तुमच्याकडे फोन करून तारीख — नाय, त्यांचं मी बघते. कुंपणाशी जाऊन बघते मी त्यांचं. तुम्ही तेवढं पत्रिकेचं काहीतरी सांगा, दुसऱ्या गुरुजींना दाखवली म्हणा. तेजस्वीला वाईट वाटेल का हो? तिनं अजून पाहिलेला नाय ना त्याला? मग बरं. पाहिला असता तर तुम्हाला उठा म्हणायला मला जड गेलं असतं.

काय? मुलगा कसा आहे ते मी शेवटी सांगितलंच नाय? — चांगला आहे हो. फार चांगला आहे. म्हणून तर म्हणते, या तुम्ही आता. आणि गाडी इथं सुरू करू नका, पाहुणे — वळणापर्यंत हातानं न्या. दोघं अजून उभी आहेत तिथं.