अठ्ठ्याहत्तरावं मिनिट

—नाही, तिथं नका ठेवू, त्या टेबलाचा एक पाय हलतो. बॉक्स टीव्हीच्या खालीच ठेवा. जागा केलेलीच आहे, अकरा महिने रिकामी ठेवलीय ती, रोज फडकं मारतो. आमची ही म्हणते, घरात येणाऱ्या माणसासाठी कधी एवढी झाडलोट केली नाहीत. असो. तुम्ही वायर लावा, हात थांबवू नका. किती वाजले तुमच्याकडे? चार दहा. माझ्याकडेही चार दहा. म्हणजे तेरा मिनिटं राहिली. चहा नंतर, आधी हे. डिशच्या छत्रीची दिशा बघितलीत ना नीट? वर गच्चीत जाताना मी पाहत होतो तुमच्याकडे, दोनच मिनिटांत खाली आलात म्हणून विचारतो. बरं, बरं. तुमचं काम तुम्हाला कळतं.

तुम्हाला बोलत नाही हो मी. तुम्ही आज पहिल्यांदा आलाय, तुमचा काय दोष? पण अकरा महिने. आधी म्हणाले माल यायचाय. मग एक जण बॉक्स घेऊन आला, बघतो तर साधा, रेकॉर्डिंग नसलेला — दारातूनच परत पाठवला. मग म्हणे तुमची छत्री जुनी, त्यावर हा चालत नाही, नवी लागेल. नवी बसवायला आणखी अडीच महिने. मग एक जण नेमका मी थोरल्या वहिनीच्या मयताला गेलो तेव्हा आला आणि चिठ्ठी टाकून गेला — ग्राहक घरी नाही. ती फोनवरची मुलगी तर आवाज ऐकला की म्हणते, काका, तुमचा नंबर मला पाठ झालाय. गोड आहे बिचारी, पण तिच्या हातात काही नाही. आज तरी तीनच्या आत पाठवा, हात जोडतो, म्हटलं. तुम्ही आलात पावणेचारला. आणि आल्या आल्या जुना बॉक्स काढलात, त्यामुळे आता तोही नाही नि हाही नाही. — काय आलं ते? अपडेट? बारा टक्के. म्हणजे शंभर व्हायला किती वेळ?

सांगता येत नाही. बरं.

नाही, बसवत नाही मला. उभाच बरा आहे. कशासाठी एवढी घाई ते सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको म्हाताऱ्याला सिरियल बघायचीय. एक सामना लागलाय आत्ता, या घडीला, त्या जुन्या सामन्यांच्या चॅनलवर. फुटबॉलचा. सत्तावीस वर्षांपूर्वीची कपाची फायनल. तीनला सुरू झालाय. पंचेचाळीस मिनिटं, वर दुखापतीची दोन, मध्ये जाहिराती तीन मिनिटं — मागच्या खेपेला घड्याळ लावून मोजल्यात — म्हणजे उत्तरार्ध तीन पन्नासला. मला हवंय अठ्ठ्याहत्तरावं मिनिट. ते येतं चार तेवीसला. एकच मिनिट हवंय. मिनिट कसलं, दोन सेकंद. पण ती थांबवून बघायची आहेत, एक एक चित्र करून. माझ्या मुलीनं इंटरनेटवर शोधलं, कुठे नाही मिळाला सामना. टीव्हीसमोर मोबाईल धरून पाहिला, नुसते पट्टे आले. म्हणून हा बॉक्स. थांबतो ना यात चित्र? पुढे-मागे होतं ना? नक्की?

मी खेळाडू नव्हतो, नाही. नोकरी पाणीपुरवठ्यात, मीटर बघायचो. आकडा दिसेल तो लिहायचा, एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि रविवारी लाइन्समन. तो मैदानाच्या कडेनं झेंडा घेऊन पळतो ना, तो. तुम्ही फुटबॉल बघता का? नाही. मग ऑफसाइड सांगतो थोडक्यात. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागला, त्या क्षणी पुढं पळणारा गडी समोरच्या शेवटच्या बचाववाल्याच्या पुढे गेलेला नको. असला तर लाइन्समननं झेंडा वर करायचा, गोल झाला तरी बाद. सगळी मेख त्या क्षणात आहे. पाय चेंडूला लागला तो क्षण. आधी नाही, नंतर नाही. — एकतीस टक्के. चार तेरा. पळतंय की बरं.

तर अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला आपल्या संघाच्या डावऱ्यानं गोल मारला आणि मी झेंडा वर केला. गोल बाद. शून्य-शून्य होतं, पुढे शेवटच्या मिनिटाला त्यांनी मारला नि कप घेऊन गेले. एवढंच. होतं असं खेळात. डावरा म्हणजे — लोक डावऱ्या म्हणायचे त्याला, डाव्या पायानं असा मारायचा की गोलकीपर नुसता बघत राहायचा. बावीस वर्षांचा होता. स्टँडमध्ये त्या दिवशी मोठ्या क्लबची दोन माणसं त्याच्यासाठी येऊन बसली होती. तो माझा मेहुणा. आमच्या हिचा धाकटा भाऊ, आई गेल्यावर हिनंच वाढवलेला.

असं बघू नका. मला तिथं उभंच राहायला नको होतं, हे मला आज कळतं असं नाही, त्या दिवशीही कळत होतं. ठरलेल्या लाइन्समनला ताप आला, सकाळी मला फोन — येता का? एका वाक्यात सांगता आलं असतं, नको, माझा मेहुणा खेळतोय. नाही सांगितलं. फायनल होती हो. दहा वर्षं चिखलात शाळाशाळांचे सामने पळत होतो, एकदा तरी भरलेलं मैदान बघावं असं कुणाला नाही वाटणार? कुणाला ठाऊक नाही, कुणाला कळणार नाही, असं म्हणत गेलो. आणि सामन्याआधी बुटांच्या नाड्या बांधत होतो तर समोरच्या संघाचा कोच शेजारून गेला, खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाला, "डावऱ्या तुमचा मेहुणा ना? मग आज त्याला कसली काळजी!" एवढंच म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. पण ते वाक्य सबंध सामनाभर माझ्या कानात होतं. डावऱ्याकडे चेंडू गेला की ते वाक्य. — साठ. साठवर आलं. हलू द्या, हात लावू नका तुम्ही.

मग काय, गोल बाद झाला तसा तो धावत आला माझ्याकडे. सगळे रेफरीकडे गेले, हा माझ्याकडे. "भावजी," म्हणाला, "माझ्या तोंडाकडे बघून सांगा, मी पुढे होतो?" मी झेंड्याकडे बघत राहिलो. त्यानं माझ्या छातीवर दोन्ही हात ठेवून मला ढकललं. जोरात नाही. पडलो नाही मी, दोन पावलं मागे गेलो फक्त. रेफरी पाठमोरा होता, त्यानं काही पाहिलं नाही. रात्री रिपोर्ट लिहायचा असतो, त्यात मी ते लिहिलं. लिहावंच लागतं, नियम आहे — हे मी सत्तावीस वर्षं सांगत आलोय. लिहावंच लागतं असं काही नाही. नसतं लिहिलं तर कुणाला कळणार होतं? पण मला वाटलं, लिहिलं म्हणजे कुणी म्हणायला नको, मेहुण्याला सांभाळून घेतलं. एक वर्षाची बंदी आली त्याच्यावर. क्लबची माणसं परत आली नाहीत. वर्षभरानं गुडघा गेला. आता शाळेची व्हॅन चालवतो.

घरी आल्यावर हिनं एकदाच विचारलं, "खरंच पुढे होता का तो?" मी म्हटलं, एक पाऊल. एक पाऊल पुढे होता. ते एक पाऊल मी कुठून आणलं ते मला माहीत नाही, पण तोंडातून गेलं आणि मग ते घरातलंच होऊन बसलं. परत कधी विचारलं नाही तिनं. तो आमच्याकडे आला नाही त्यानंतर. मुलीच्या बारशाला नाही, लग्नाला नाही. ही एकटी जाते त्याच्याकडे, येताना तोंड धुऊन येते. — काय झालं? अठ्ठ्याऐंशीवर अडकलंय? अडकलंय की चालू आहे? चार सतरा झाले. बंद करून परत लावलं तर? नको, तुम्ही म्हणता तर नको. मग पहिल्यापासून होईल म्हणता. थांबू या. थांबायचं कसं ते मला सांगू नका आता, अकरा महिने तेच केलंय.

गेल्या वर्षी पहिल्यांदा लागला हा सामना, तेव्हा हिनं त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना म्हणावं, मला दाखवा. कुठे पुढे होतो ते बोट ठेवून दाखवा, मी येतो." सत्तावीस वर्षांत पहिला निरोप त्याचा. दुसऱ्या दिवशी मी बॉक्स बुक केला. मध्ये एकदा सामना लागून गेला, हा बॉक्स आला नव्हता. आज साडेचारला तो येतोय. ही गेलीय त्याला आणायला, गुडघ्यामुळे रिक्षात बसता-उठताना धरावं लागतं. सकाळी दोनदा साडी बदलली हिनं. आता कळलं, मी का उभा आहे?

आलं. आलं बघा चित्र. चार वीस. हाच, हाच चॅनल. लाल दिवा लागला का? रेकॉर्ड होतंय ना? डोळ्यांवर विश्वास नाही बसत. तो पलीकडच्या रेषेवर काळ्या कपड्यांतला मी. किती बारीक होतो. आणि हा डावरा, दहा नंबर. केस बघा किती. बोलू नका आता जरा. — आता थ्रो होईल. हा. आता मधला गडी घेईल, वर बघेल, आणि — हा. गेला. गोल. बाद. बघितलंत? गेलंसुद्धा. असंच जातं दर वेळी. मागे घ्या. अजून थोडं. आता एक एक. सावकाश. अजून एक. थांबा, थांबवा.

पाय चेंडूला लागलाय. हाच तो क्षण. आता ते गवत बघा, फिक्या-गडद पट्ट्यांनी कापलेलं आहे, पट्टीसारखं मोजता येतं. बचाववाल्याची टाच गडद पट्ट्याच्या कडेवर. आणि डावऱ्याचा पाय — कडेच्या पलीकडे आहे. तुम्ही बघा, तुमचे डोळे तरुण आहेत. पलीकडे आहे ना? पाऊल नाही, पण वीतभर आहे. पुढे होता हो. तो पुढे होता. थांबा, मला बसू द्या जरा. पाणी असेल त्या तांब्यात. सत्तावीस वर्षं. खोटं नव्हतं म्हणजे. बरोबर होतो मी.

काय म्हणालात? वर? वर काय आहे? — तो मीच आहे, सांगितलं ना. झेंडा वर आहे, हो, मग ऑफसाइडला झेंडा वरच — 

एक मागे घ्या.

अजून एक. अजून. अजून.

अजून वरच आहे. चेंडू बघा कुठे आहे तो, पास देणाऱ्याच्या पायापासून दोन हात लांब. त्यानं अजून मारलासुद्धा नाही. घ्या मागे. आता खाली आहे. किती चित्रं झाली? मोजलीत तुम्ही? अकरा. म्हणजे अर्धा सेकंद जवळजवळ. अर्धा सेकंद आधी माझा हात वर गेलाय. डावरा पळायला लागला आणि माझा हात वर गेला. पास नाही, पाय नाही, पट्टा नाही, काही बघितलेलंच नाही मी. कुणी बघितलं नाही हे, सगळे चेंडूकडे बघतात. मलाही — नाही. मला ठाऊक होतं. हाताला ठाऊक होतं. या मशीननं पाय पुढे दाखवावा एवढंच मला हवं होतं, म्हणजे बाकीचं कुणी विचारणार नाही.

ऐका. यात कापता येतं का? म्हणजे पुढचं तेवढं ठेवायचं, मागचं पुसायचं. तो पाय चेंडूला लागलेला आहे ना, तिथून पुढे. त्यात काही खोटं नाही. गवत खरं, पाय खरा. बोट ठेवून दाखवा म्हणाला होता, बोट ठेवता येईल मला. हिलाही दिसेल. दोघं बघतील, तो हं म्हणेल, चहा होईल, सत्तावीस वर्षांचं मिटेल एकदाचं. येतं कापता? कुठलं बटण? हे? दाबलं की परत येत नाही ना मागचं?

रिक्षा थांबली वाटतं खाली.

नाही, द्या तो रिमोट इकडे. माझ्याकडे द्या. तुमचं झालं काम, चांगलं केलंत. सही कुठे करायची? ही घ्या. तुमच्यासमोर जे बोललो ते — जाऊ द्या, कुणाला सांगायचं तर सांगा. चहा राहिला, पुन्हा कधी या. आता निघा तुम्ही. जिन्यात भेटतील, त्यांना आधी वर येऊ द्या, त्याला कठड्याकडची बाजू लागते. दार उघडंच असू दे.

ये. सावकाश, घाई नाही. या खुर्चीत बस, ही उंच आहे. अगं, तूही बस इथंच, स्वयंपाकघरात जाऊ नकोस. हा धर रिमोट. हे मागे न्यायचं, हे थांबवायचं. तुझ्या पायाकडे नंतर बघ. आधी वर बघ, पलीकडच्या रेषेवर. तिथं मी आहे.