हाताने फिरवायचं यंत्र

या, असे जवळ सरका. अमेरिकेत, माँटानातल्या एका बंदुकांच्या दुकानात कानावर पडलेलं बोलणं सांगतो. ओपलबाई मासे धरायचे गळ घ्यायला रांगेत उभ्या होत्या. पुढे म्हातारा वेंडेल आणि त्याची लेक जोलीन दुकानदार रूडशी बोलत होते.

“गोळी झाडली की रिकाम्या पुंगळ्या लांबतात, त्या पुन्हा भरण्याआधी छाटायला मोटरचंच यंत्र घ्या, बाबा. तुमचा हात थरथरतो.”

“रूड, मला हाताने फिरवायचंच दाखव.”

“अहो, मोटरवर तासाभरात सगळ्या उरकतील,” रूड म्हणाला.

“म्हणून तर नको.”

“मग दांडा कोण फिरवणार, बाबा?”

“शेजारचा हार्लन. झिजलेल्या जुन्या यंत्राचाही रोज तोच फिरवतो की.”

“त्यांना किती राबवाल? खांदा दुखतो म्हणत होते.”

“म्हणतो खरा, पण उन्हं कलली की दारात हजर. बायको गेल्यापासून तेवढ्यासाठीच पायात बूट घालतो गं तो.”

“मग नुसतं गप्पा मारायला बोलवा ना.”

“बोलावून पाहिलं. ‘कशाला उगाच त्रास’ म्हणाला आणि घरातच बसला. काम असलं की येतो.”

जोलीन रूडकडे वळली.

“रूडकाका, मापात काही फरक पडतो का हो?”

“काही नाही. हाताने वेळ जास्त लागतो, एवढंच.”

“मग हेच बांधा. आणि हार्लनकाकांनी विचारलं, तर मोटरवाली संपली म्हणा.”

“पोरी, फळीवर चार दिसताहेत.”

“आत ठेवा की.”

रूडने स्टूल ओढलं. ओपलबाईंनी रांग सोडली आणि मोटरवाल्या यंत्रांचे खोके खाली घ्यायला हात पुढे केले.

मायबाप, संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या हार्लनची आठवण असू द्या.