आठ एमबी आणि चौदा अटी

नाही, नाही, जीवरामभाऊ, झाकण उघडू नका अजून — आधी मला एका शब्दात सांगा, मेमरी टाकल्यानं फरक पडतो का नाही पडत? 'पडतोही आणि नाहीही' — हे काय उत्तर झालं? असं उत्तर मुलीकडचे देतात, घरी विचारून कळवतो म्हणून, आणि मग कळवतच नाहीत. मी सत्तावीस वर्षं कापसाच्या जिनिंगच्या स्टोअरात काढली भाऊ, माझ्या खिडकीत दोनच उत्तरं — आहे, नाहीतर नाही. तुम्ही कॉम्प्युटरवाले म्हणजे सगळं मधलंच. बरं, उघडा. पण तो स्क्रू जपून, मागच्या वेळी एकानं उघडला तर झाकताना दोन स्क्रू उरले, आणि वर मला म्हणतो, जास्तीचे होते. कंपनी जास्तीचे स्क्रू कशाला देईल? पुडीत ठेवलेत मी ते, हे पाहा.

मशीन तसं चांगलं आहे. भाच्याच्या कंपनीनं पुण्यात काढून टाकलं, त्यानं आम्हाला दिलं. वरणगावला लाइट जाते, म्हटलं बॅटरीवर चालेल — तर बॅटरी मेलेली. वायर काढली की डोळे मिटतं. म्हणजे मांडीवर घ्यायचं मशीन आम्ही टेबलावर ठेवून चालवतो, आणि लाइट गेली की आम्हीही मांडी घालून बसतो. पण चालतं! समाजाचं वधू-वर सूचक केंद्र आहे ना आपलं — तुम्हाला माहीत नाही? कसं माहीत नाही, तुमचं लग्न झालं असेल म्हणून माहीत नाही. नऊशे बारा फॉर्म आहेत यात भाऊ, जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांचे. आपल्यात पत्रिका पाहत नाहीत, त्यामुळे सगळी मदार माहितीवर — शिक्षण, नोकरी, उंची, गाव. सगळं विशाखानं भरलं, माझ्या पोरीनं. बी.कॉम. आहे, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, घरी शिकवण्या घेते. मुलीच्या अटी टाकल्या की मशीन मुलं शोधून देतं. सदतीस लग्नं जुळवली आम्ही. पहिल्या वीस लग्नांचे फोटो भिंतीवर आहेत, पुढच्यांना भिंत पुरली नाही.

आता खोटं कशाला बोला, हळू आहे. फार हळू. बटण दाबलं की ते वाळूचं घड्याळ येतं आणि आतून खर्र खर्र, खर्र खर्र — दळायचं जातं पण एवढा आवाज करत नाही. दिवाळीनंतर जळगावला मेळावा होता, तिथं तर इज्जतच गेली. मुलगा स्टेजवर, हातात माइक, मी म्हटलं यांची माहिती आता मशीन सांगेल — आणि मशीन बसलं घड्याळ दाखवत. नऊ मिनिटं! मुलगा बिचारा माइक धरून उभा, काय बोलणार, शेवटी त्यानं 'हॅलो माइक टेस्टिंग' केलं तीनदा. मुलींचे बाप उठून जेवायला गेले. आणि त्या गडबडीत मागून एक मास्तर आला, साक्रीकडचा, आश्रमशाळेतला, चष्मेवाला — येऊन थेट विशाखाजवळ उभा, आणि सांगतो काय, मॅडम, यात मेमरी कमी आहे, आठ एमबीवर एवढं नाही चालत, मेमरी टाका, फरक पडेल. झालं! तेव्हापासून पोरीचं एकच तुणतुणं — नाना, मेमरी. जेवताना मेमरी, विहारात जाताना मेमरी. त्याचं पत्रही आलं एकदा, कोणती मेमरी बसते त्याचा नंबर लिहून. दोन पानी पत्र. मी म्हटलं नंबर तर एका ओळीत बसतो — तर म्हणे, नाना, टेक्निकल असतं.

म्हणून तुम्हाला विचारून राहिलो. कारण माझं डोकं असं सांगतं की नाही पडत फरक. का सांगू? आमच्या स्टोअरात चुडामण म्हणून कारकून होता. हळू. म्हणजे इतका हळू की बेअरिंग मागायला आलेला माणूस वाट पाहून पाहून कशाला आलो तेच विसरायचा. साहेब म्हणाले, याचं टेबल लहान आहे, मोठं द्या. दिलं. चार बाय आठचं. आता सांगा, मोठ्या टेबलानं माणूस हुशार होतो का? हात तेच, डोकं तेच. ... काय? कमी वेळा उठायचा का? हां — उठायचा कमी. आधी एक रजिस्टर मावायचं टेबलावर, दुसरं पाहिजे की उठून कपाटाकडे, ते ठेवायला परत कपाट, दिवसभर खर्र खर्र चपला. मोठं टेबल आल्यावर सगळी रजिस्टरं समोर. चुडामण तसाच हळू, पण खिडकीवरची रांग निम्म्यानं कमी — थांबा. थांबा थांबा. म्हणजे हे खर्र खर्र जे करू राहिलं ते... कपाटाकडे जाऊ राहिलं? आणि मेमरी म्हणजे टेबल? मग असं सांगा ना भाऊ सरळ! पडतोही-नाहीही काय लावलं! स्वतःच सांगावं लागतं सगळं.

टाका, टाका. किती टाकता, सोळा? टाका. पैसे विशाखानंच दिलेत, शिकवणीच्या पैशातून साठवले, काल संध्याकाळी हातावर ठेवून म्हणाली, नाना, उद्या पहिल्या गाडीनं जळगावला जा, हे काम करूनच या. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात पाहू — तर असं पाहिलं माझ्याकडे, की मी सकाळी सहालाच स्टँडवर. घाई तिला तशी नव्हती कधी कशाची. घाई आहे ती तिच्या आईला. ताईबाईला. ती तिकडची, साक्रीकडची, चाळीस वर्षं होत आली वरणगावात पण भाषा सोडली नाही. रोज दिवेलागणीला येऊन उभी राहते मशीनजवळ — 'बठ्ठासना लगन लाई दिन्हात, नि घरनी पोर तशीच शे!' मी म्हणतो, अगं घरच्या पोरीचंही लावलंय ना शोधायला, हे बघ घड्याळ, शोधू राहिलं. आणि मग ती बघते घड्याळाकडे, आणि भाजी फोडणीला टाकायला जाते. अकरा मिनिटं लागतात विशाखाचं शोधायला. मोजलीत मी. एक कप चहा होतो त्यात, पेपर होतो, आणि बरेचदा अकरा मिनिटांच्या आत लाइटही जाते. लाइट गेली की सुटलो — म्हणजे, सुटलो म्हणजे तसं नाही भाऊ, राहिलं असं म्हणायचं होतं.

बसली? एवढीशी चिप? नखाएवढ्या त्या काळ्या डब्यात चुडामणचं टेबल? करा सुरू. ... अरे! आवाज? आवाज कुठं गेला? बंद तर नाही पडलं? बरं — तपासायला एखादं शोधून बघा ना, माझ्यासमोरच. कोणाचं लावायचं? विशाखाचंच लावा, सगळ्यात जास्त वेळ तिलाच लागतो. ते तिथं, 'सुरवाडे विशाखा आधार', हां — आधार म्हणजे मीच. दाबा. आता बसा निवांत, चहा सांगतो मी समोर, दोन हाफ —

झालं?

एवढ्यात? अजून हॉटेलवाल्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! किती, अर्धा मिनिट? मग काय आलं? ... शून्य. शून्य कसं? नऊशे बारा फॉर्म आहेत, त्यात चारशेच्या वर तर मुलं आहेत. चुकलं असेल, परत दाबा. ... परत शून्य. तुमच्या मेमरीत काही खोट आहे भाऊ. आधी असं नव्हतं होत. आधी काय यायचं म्हणता? आधी — आधी मी शेवटी काय आलं ते बघायचो कुठं? लाइट जायची, नाहीतर मीच म्हणायचो, राहू दे आता, मशीन तापलं.

अटी? हो, अटी माझ्याच आहेत. चौदा आहेत का? इतक्या? पाच होत्या सुरुवातीला. वाचा बरं. नोकरी सरकारी, कायम — बरोबर आहे. तंबाखू नको, बरोबर. उंची पाच सात ते पाच नऊ — जास्त उंच नको, दार आपलं ठेंगणं आहे, जावयाचं डोकं आपटलं तर? चष्मा नको. घर स्वतःचं, स्लॅबचं. एकुलता एक नको, सासूचा सगळा डोळा एकाच सुनेवर राहतो. भाऊ एकापेक्षा जास्त नकोत, वाटण्या होतात. तो एक भाऊही वेगळा राहणारा पाहिजे. मुलाची आई शिकलेली पाहिजे. पण नोकरीवाली नको — हसू नका, भाऊ. ताईबाईही हसली होती. म्हणाली, 'ह्या अटीस्मा तुम्ही तरी बसतस का?' मी चष्मेवाला, टेंपरवारी, कौलाचं घर, चार भाऊ. मी म्हटलं, तुझ्या बापाकडे कॉम्प्युटर नव्हता म्हणून तू सापडलीस मला.

वाढत गेल्या हो त्या. ताईबाईनं विचारलं की मी विशाखाकडून एक वाढवून घ्यायचो. म्हणजे मुद्दाम नाही. स्टोअरची सवय आहे ती. आमच्या धंद्यात एक असतं भाऊ, खणातला शेवटचा नग देऊन टाकायचा नाही. वरून कितीही मोठी चिठ्ठी येऊ द्या. काहीतरी काढायचं — साइज जुळत नाही, सही नीट नाही, कागद फाटका आहे. नवा माल येईपर्यंत तो एक नग जिवापाड सांभाळायचा. मुलगा नाशिकला, मोठी कल्याणला दिली. आता घरात कोणाचा आवाज आहे? तिचाच. 'नाना, चष्मा फ्रीजवर आहे.' 'नाना, बीपीची गोळी.' ती गेली की माझा चष्मा कोण शोधणार हो? चारशे मुलांत असा एक तरी आहे का, जो चष्मा शोधून देईल? आणि इथं काही नवा माल यायचा नाही. जाऊ द्या. तुम्ही काय करून राहिलात? अट काढून बघता? कोणती? शेवटची — 'वरणगावपासून पंचवीस किलोमीटरच्या आत'. ती कशाला काढता, तीच तर मुख्य — बरं, चष्म्याचीही काढलीत. स्लॅबचीही? सगळ्याच काढा ना मग! दाबू नका, दाबू न—

किती? एक?

फिरवा इकडे. मला नीट दिसत नाही, तुम्हीच वाचा. ... बैसाणे. भाईदास. आश्रमशाळा, कायम. गाव — साक्री.

हा तोच. चष्मेवाला. हा तोच मास्तर, भाऊ! मेळाव्यात आलेला याचा फॉर्म मी स्वतः बाजूला ठेवला होता, अंतर बसत नाही म्हणून — आणि कोणी भरला इथं? तारीख काय आहे? मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीची. घरात मशीनला हात लावणारे दोघंच, आणि मला तर टाइप करता येत नाही.

म्हणजे ती नऊ मिनिटं. मी स्टेजवर घाम पुसू राहिलो होतो, मुलींचे बाप वरण-बट्टी खाऊ राहिले होते, आणि हे दोघं तिथं — नऊ मिनिटं आठ एमबीवर बोलतात का कोणी? आणि दोन पानी पत्र! टेक्निकल! आणि मी मूर्ख, त्याच पत्रातला नंबर चिठ्ठीवर उतरवून तुमच्याकडे घेऊन आलो. काल पैसे हातावर ठेवले पोरीनं. तिला माहीत होतं, जीवरामभाऊ. मशीन हळू नाही, नाना हळू आहे, हे तिला केव्हापासूनच माहीत होतं. तोंडानं बोलली नाही एका शब्दानं. माझं घड्याळ तेवढं काढून घेतलं.

पावणेदोनशे किलोमीटर आहे हो साक्री. दोन गाड्या बदलायच्या. पोरीला ताप आला तर कळायला दोन दिवस. हे मी ताईबाईला बोललो होतो एकदा, साक्रीकडून दुसरंच एक स्थळ आलं तेव्हा, तर म्हणाली, 'माले मना बापनी तठून आठे दिन्ही, तवय लांब नव्हतं का?' मी म्हटलं, तुला तिकडून इकडं दिली तेव्हाची गोष्ट वेगळी. काय वेगळी, ते तिनंही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आत्ता तुमच्याकडे बसून कळलं — तेव्हा मी नेणारा होतो.

ऐका ना. ती जुनी आठ एमबीचीच राहू दिली तर? ही काढून घ्या, पैसे ठेवा तुमच्याकडेच, घरी सांगतो की दुकानदार म्हणाला, फरक पडत नाही. तुम्हीच म्हणालात ना, पडतोही आणि नाहीही — तुमचं ते 'नाहीही' तेवढं मी घेऊन जातो. ... नाही? बघू नका असं, अगदी तिच्यासारखं बघता तुम्ही. बरं, राहू द्या आत. लावा झाकण. आणि हे पुडीतले दोन स्क्रूही लावा, जास्तीचं काही नसतं कोणाकडे.

चहा आला वाटतं. तुम्ही घ्या दोन्ही, मला नको. नाही, डोळ्यात काही नाही, तुमच्या दुकानात धूळ फार आहे.

मी निघतो, पावणेबाराची गाडी आहे वरणगावची. ... जीवरामभाऊ, तुमचं दुकान स्टँडसमोर आहे म्हणून विचारतो, धुळ्याहून पुढं साक्रीला जायला शेवटची गाडी किती वाजता असते? आणि समजा, माणूस सकाळी गेला, घरदार बघितलं, चहा घेतला, तर संध्याकाळी परत येतो का वरणगावला? ... नाही, जाऊन कोण राहिलंय. नुसतं विचारलं. तुम्ही बसा, तुमचं काम करा.