नाही म्हणायला तरी यायचं

ती पिशवी तिथंच ठेवा भाऊजी, दाराबाहेर — आत नको. पाणी देते ना, पाण्याला कोण नाही म्हणतंय, पाणी दुश्मनालाही देतात — पण ती पिशवी आत नको. आहे काय तिच्यात? दुधी दिसतोय. पपईची पानं. आणि ही हिरवी बाटली कसली — काढा? भुईआवळ्याचा? तुम्ही स्वतः उकळलात, की मैत्रीताईंनी उकळून दिला? बरं, बसा. खुर्चीवर बसा, पलंगावर नको, तो ह्यांचा आहे, जंतू लागू द्यायचे नाहीत असं बजावलंय डॉक्टरांनी. हे खाली गेलेत — स्वप्नाली घेऊन गेलीय बापाला, जरा उन्हात बसवायला. येतील इतक्यात. सख्खा थोरला भाऊ आलाय म्हटल्यावर खूश होतील बघा. तोवर मात्र मी बोलणार आहे, आणि तुम्ही ऐकणार आहात. गॅसवर वरण आहे, भोसरीच्या वर्कशॉपमधल्या पोरांचे डबे भरायचे राहिलेत — राहू देत. एक दिवस उशिरा जेवतील. आज मला बोलायचंय.

ह्या घरात येणारा प्रत्येक माणूस पहिलं काय विचारतो माहितीये? "घेत होते का?" बसायच्या आधी. चपला काढायच्या आधी. लिव्हर गेलं म्हणजे दारूच — झालं, निकाल लागला! आयुष्यात थेंब नाही लावला हो तोंडाला त्या माणसानं. तुम्हाला माहितीये की, तुमचा भाऊ आहे. सासऱ्यांनी कंपनीत घाम गाळून दोन पोरं मोठी केली, हौसेनं नावं ठेवली, एक बुद्धरत्न, एक धम्मरत्न, आणि दोघांकडून वचन घेतलं — दारू नाही. तुम्ही मोडलंत की पाळलंत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. ह्यांनी पाळलं. पण चाकणची रात्रपाळी कुणाला चुकलीय? पहाटे सुटायचं, गेटवरचे वडापाव, वर कोल्ड्रिंकची थंडगार बाटली — झोप उडावी म्हणून — घरी येऊन तसंच आडवं व्हायचं. पोट सुटलं, साखर निघाली, मग कंपनीच्या चेकअपमध्ये निघालं, लिव्हरवर चरबी. हे हसत घरी आले. म्हणाले, "अगं, अर्ध्या लाइनला निघालीय, घाबरतेस काय." मीपण हसले. सगळ्यांनाच आहे म्हटल्यावर आजार वाटतच नाही ना तो माणसाला.

आणि मग तुम्ही आलात. आठवतंय? चऱ्होलीला तुमच्या नव्या सोसायटीच्या कोपऱ्यावर तंबू लागला होता त्या जडीबुटीवाल्याचा. तुम्ही काळी पावडर घेऊन आलात — "धम्मा, लिव्हर धुऊन निघतं बघ, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही." नैसर्गिक! धोत्र्याचं विषपण नैसर्गिकच असतं भाऊजी. पण तो देवमाणूस, दादानं दिलंय म्हटल्यावर सकाळ-संध्याकाळ मध घालून चाटायचा. मी म्हटलं, अहो, डॉक्टरांना एकदा दाखवू तरी. तर म्हणे, दादा काय वाईट करील का माझं? डबी संपली की तुम्ही दुसरी पाठवायचात. मग डोळे पिवळे झाले. मग पाय सुजले, पोट नगाऱ्यासारखं झालं, पाण्यानं. एका दुपारी तर जेवायला बसले आणि स्वप्नालीला म्हणाले, "आई, भाकर वाढ." पोरीच्या हातातला पेला खाली पडला. सासूबाई जाऊन किती काळ लोटला, आणि हा माणूस पोटच्या पोरीला आई म्हणतोय, नजर तिसरीकडेच! ॲडमिट केलं, तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं — कुठली पावडर, कसला काढा, काही देत होतात का? म्हणाल्या, लिव्हर आतून आधीच निबर झालं होतं, साखरेनं, चरबीनं, पण जे काही हळूहळू चाललं होतं त्याला ह्या पावडरीनं धक्का दिला. कुणी दिली? तर हे भिंतीकडं तोंड करून पडले. सांगितलं नाही. शुद्धीवर आल्या आल्या पहिली गोष्ट केली ती ही — तुमचं नाव लपवलं.

नाही, थांबा. त्याचा राग नाहीये मला. खरंच नाही. तुम्ही प्रेमानं दिलंत, तुम्हाला काय माहीत त्याच्यात काय कुटलेलं असतं. मान खाली घालू नका, त्यासाठी नाही बोलत मी. मी कशासाठी बोलतेय ते तुम्हाला पक्कं माहितीये.

लिव्हर बदलायचं म्हणाले. घरातल्या कुणीतरी आपला तुकडा द्यायचा, देणाऱ्याचा परत वाढतो. स्वप्नाली "मी देते" म्हणून रडायला लागली — अठराची नाही झाली ती, कायद्यातच बसत नाही. बरं झालं नाही बसत. मी तपासून घेतलं, माझा रक्तगट जुळला, पण स्कॅन बघून बाई म्हणाल्या, "तुमच्याही लिव्हरवर चरबी आहे, आत्ता नाही चालणार." माझ्याही! मी कुठं रात्रपाळी केली हो? तर म्हणाल्या — डब्याचं उरलेलं कोण खातं? शेवटची पुरी, शेवटचा शिरा, चहात बुडवलेली बिस्किटं, आणि बसून पोळ्या लाटणं. खरंच होतं. मग राहिलात तुम्ही. तुम्ही आलात, नाही म्हणत नाही, आपल्या पायानं आलात, रक्त दिलंत, त्या मशीनमध्ये झोपलात. आणि जुळलं. सगळं जुळलं. बाई मला म्हणाल्या, "नशीब आहे तुमच्या मिस्टरांचं." मी कॉरिडॉरमध्येच खाली बसून रडले — आनंदानं! आणि दुसऱ्या दिवसापासून तुमचा फोन बंद.

बंद म्हणजे बंद. चऱ्होलीला आले मी, दोनदा आले, सिक्युरिटीवाल्यानं खालूनच सांगितलं, साहेब घरी नाहीत. वर तुमच्या गॅलरीत तुमची बनियन वाळत होती, आणि तिच्यामागं तुम्ही उभे होतात भाऊजी. मी बघितलं. तुम्हीपण बघितलंत मला. शेवटी मैत्रीताईंनी फोन उचलला — "आम्रपाली, आमचीपण लेकरं आहेत गं." आहेत ना! मी कुठं म्हणतेय नाहीत? पण ते तुम्ही बोलायचं होतं. बायकोच्या पदरामागून नाही. समोर यायचं आणि म्हणायचं — नाही जमत, आम्रपाली, हिंमत होत नाही. मी काय केलं असतं? चिडले असते, शिव्या घातल्या असत्या, पण दुसऱ्या दिवशी दुसरी वाट तरी शोधली असती. मी वाट बघत बसले. रोज वाटायचं, आज येतील, उद्या येतील. तेवढ्यात ह्यांना दोनदा पोटातलं पाणी काढायला न्यावं लागलं.

आणि ह्यांना काय सांगितलं मी, विचारा ना. विचारा! सांगितलं — भाऊजींचं नाही जुळलं. नसांची ठेवण वेगळी आहे म्हणे, डॉक्टर नको म्हणाले. तर हा माणूस, पोट फुगलेलं, धड कूस बदलता येत नाही, मला काय म्हणतो? "दादाला फार लागलं असेल गं. तू फोन कर त्याला, समजूत घाल." मी तुमची समजूत घालायची! मी बाथरूममध्ये गेले आणि बादलीचा नळ सोडून ओरडले, तुमच्या नावानं. खोटं मी बोलले, ते तुमच्यासाठी नाही, लक्षात ठेवा. त्यांच्या डोळ्यांत त्यांचा दादा छोटा व्हायला नको म्हणून. आजारी माणसाकडं असतं काय दुसरं!

मग मीच लागले कामाला. बाईंना म्हटलं, काय करू सांगा, कोणतं औषध, कोणती जडीबुटी, लिव्हर साफ होणारं जे असेल ते. त्या म्हणाल्या — काही नाही. साखर बंद. तळलेलं बंद. मैदा, बिस्किट बंद. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, मोड आलेली मटकी, ताक, आणि चाला. कोरी कॉफी घेतलीत बिनसाखरेची तर उत्तमच. मला वाटलं, चेष्टा करतायत. एवढंच? एवढंच! पण करून बघा तुम्ही एवढंच. सकाळी उठून पोरांच्या डब्यासाठी पुऱ्या तळायच्या, रविवारी गोड म्हणून शिरा ढवळायचा, तुपाचा वास नाकात, आणि स्वतः ओट्याशी उभं राहून भाकरी आणि बिनफोडणीची मेथी गिळायची. मीठसुद्धा शेजारच्या पूनमला चाखून सांग म्हणायचे. डबे पोचवून आले की चिखलीच्या रस्त्यानं चालायचं, ट्रकची धूळ खात, टाचा फुटेस्तोवर. लोक म्हणायचे, नवरा मरायला टेकलाय आणि ही बारीक व्हायला निघालीय, दुसरं काही ठरलंय का हिचं! ऐकलं मी ते. बोलणाऱ्या मैत्रीताईंच्या माहेरच्याच बाई होत्या. ऐकलं आणि चालले.

आज सकाळी गेले होते मी हॉस्पिटलला. परत स्कॅन झालं. तुम्ही म्हणत असाल, ही इतकी का तापलीय आज — तर म्हणून. त्या मशीनमध्ये पडले होते, श्वास रोखा, सोडा, रोखा, सोडा, आणि मी मनात काय म्हणत होते माहितीये? चरबी असू दे. अजून असू दे. ह्या वेळीपण नापास होऊ दे मला. हो! बघताय काय असे? मलाही नकोय तो सुरा पोटात! इथून इथवर कापतात भाऊजी, मी फोटो बघितलेत, बघायला नको होते. मी गेले टेबलावर तर स्वप्नालीला कोण? इकडं मी, तिकडं हे, आणि बाहेर बाकड्यावर ती पोर एकटी! हे सगळं खाणंपिणं, चालणं, त्याच्यात एकही दिवस असा गेला नाही की वाटलं नाही, जमलं नाही तर बरं. भाकरी खायची आणि मनात म्हणायचं, नको लागू पडू. बाई बाहेर आल्या, हसत. म्हणाल्या, "अभिनंदन, लिव्हर एकदम छान झालंय, तुम्ही देऊ शकता." मी हसले. थँक्यू म्हटलं. बस पकडून घरी आले आणि वरण टाकलं गॅसवर.

कुणाला सांगितलं नाही अजून. ह्यांनासुद्धा नाही. आणि सांगतेय कुणाला — तर तुम्हाला!

रडू नका. नका रडू म्हटलं ना. काय म्हणालात? भीती वाटली? मग मला काय मजा वाटतेय? भीतीचा राग नाही हो, भीती वाटणारच, माणूस आहे. पण मी माझी भीती घेऊन गेले त्या मशीनमध्ये, आणि तुम्ही तुमची घेऊन गॅलरीत लपलात, बनियनमागं. आणि आज काढा घेऊन आलात! काय, परत बोला — आता द्यायला तयार आहात? खरंच? की मी पास झाले हे ऐकल्यावर तयार आहात? माझ्याकडं बघून सांगा. … नाही ना बघवत? राहू द्या. मी देतेय. ठरलंय माझं, आत्ता तुमच्याशी बोलता बोलता ठरलं म्हणा हवं तर. तुमच्याकडून मला लिव्हर नकोच आहे आता.

एकच हवंय. माझं खोटं मला आता पेलवत नाही. पोट कापून घेईन, पण ते ओझं घेऊन टेबलावर नाही जाणार मी. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर हा माणूस जन्मभर म्हणेल, दादाचं जुळलं असतं तर माझी आम्रपाली वाचली असती. आणि तुम्ही त्याच्याशेजारी बसून पाठीवरून हात फिरवाल. ते मी होऊ देणार नाही.

लिफ्टचा आवाज आला. आलेच. डोळे पुसा. नाही, उठू नका, कुठं निघालात? बसा! — उघडंच आहे हो, या, हळू, स्वप्नाली, हात धर त्यांचा. कोण आलंय बघा तरी. हो, आत्ताच आले. नाही, भांडत नव्हते, बोलत होते जरा. काय बोलत होते?

तुमच्या दादालाच विचारा की.

भाऊजी, विचारतायत ते. बोला.